झाडीपट्टीतील दोन वसाहती : बंगाली व तिबेटी निर्वासितांचा आर्थिक विचार

भंडारा जिल्ह्यातील साकोली हे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर वसलेले आहे. या रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला दोन्ही हातांस भाताच्या बांध्या दिसतात, मधूनच एखाद्या तलावाची पाळ दिसते आणि दूरवर जंगलाची निळसर रेघ दिसते. या जंगलामुळेच या मुलखास झाडीपट्टी हे नाव पडले. ब्रिटिश अमदानीत भंडारा जिल्ह्याच्या तीन तहसिली होत्या : भंडारा, गोंदिया आणि साकोली. आजचा अर्जुनी-मोरगाव तालुका त्या जुन्या साकोली तहसिलीतच मोडत असे. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला तेव्हा हा तालुका तिकडे गेला. सरकारी सीमा बदलल्या, तरी पाऊस, भात, बाजार आणि सोयरीक यांनी हा मुलूख अजून एकच आहे.

या एका मुलखात, परस्परांपासून थोड्याच अंतरावर, दोन निर्वासित समाज गेले अर्धशतक राहत आहेत. एक आहे पूर्व बंगालमधून आलेल्या हिंदू निर्वासितांचा. त्यांच्या अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर इत्यादी वस्त्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात आहेत. दुसरा आहे तिबेटी निर्वासितांचा. गोठणगाव आणि प्रतापगड यांच्या परिसरात 1972 साली त्यांची वसाहत उभी राहिली. तिचे नाव नॉर्ग्येलिंग, म्हणजे संपन्नता वाढते ते ठिकाण. गावकरी मात्र दोहोंनाही ‘कॅम्प’ या एकाच शब्दाने ओळखतात : हा बंगाली कॅम्प, तो तिबेटी कॅम्प. शब्द एक असला, तरी या दोन वसाहतींची आर्थिक कहाणी एक नाही. ती वेगळी का झाली, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

बाहेरून आलेला माणूस झाडीपट्टीला नवा नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्या तलावांमुळे या मुलखाची कीर्ती झाली, ते बांधणारा कोहळी समाज स्वतःला परदेशस्थच समजत आला आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेहून परतताना आपल्या पूर्वजांना सोबत घेऊन आला, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. रसेल या संशोधकाने 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींविषयीच्या ग्रंथात ती नोंदविली आहे. त्याचबरोबर भाषा, रीतिरिवाज आणि कुळनावे पाहता हा समाज मराठी मुळाचा दिसतो, असेही त्याने म्हटले आहे. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी तिच्यातील व्यवहार फार बोलका आहे. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन देण्याची प्रथा होती. अशा देणगीस तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातील एका वस्तीच्या नावात तो शब्द आजही टिकून आहे.

या व्यवहाराचा अर्थ असा की, राजाने परक्या माणसाचे कौशल्य ओळखले आणि त्या कौशल्याला जमिनीच्या हक्काची जोड दिली. ज्याच्या हाताला पाणी अडविण्याची विद्या, त्याच्याच हाती पाण्याखालची जमीन आली. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील या कोहळ्याने बांधला असे परंपरा सांगते. पुढे लोकांनी त्याला कोलासूर देव मानून त्याचे ठाणे केले. परका म्हणून आलेला माणूस भूमीचा देव झाला! पूर्व विदर्भात आज मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सहा हजारांहून अधिक मोजले जातात. स्थलांतरिताची भरभराट कशाने होते, हे मोजण्याचा गज आम्ही या इतिहासातून घेतो. कौशल्य आणि हक्क ही दोन्ही एकाच हाती असली म्हणजे मनुष्य उभा राहतो. याच गजाने आपण दोन्ही वसाहती मोजून पाहू.

प्रथम बंगाली वसाहतींकडे वळू. 1947 च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधील हिंदू एकदम बाहेर पडले नाहीत. 1950 च्या दंगलींनंतर आणि पुन्हा 1964 च्या दंगलींनंतर त्यांचे मोठे लोंढे भारतात आले. आधी आलेल्यांत सवर्ण, शिकलेले व कोलकात्यात नातीगोती असलेले लोक बरेच होते. मागाहून आलेल्यांत बहुसंख्य नमःशूद्र समाजाचे होते. हे खुलना, जेसोर, फरीदपूर, बारिसाल अशा पाणथळ जिल्ह्यांतील शेतकरी, मच्छीमार व होडीवाले लोक. पश्चिम बंगालमध्ये त्यांना ठेवण्यास जागा नाही, असे ठरल्यावर केंद्र सरकारने 1958 साली बस्तर, कोरापुट आणि कालाहंडी या भागांसाठी दंडकारण्य प्रकल्प सुरू केला. रायपूरजवळचा माना कॅम्प हे त्या प्रवासातील मोठे ठाणे होते. महाराष्ट्राच्या वाट्यास आलेल्या कुटुंबांना तेव्हाच्या चंद्रपूर व भंडारा या जिल्ह्यांत जमिनी देण्यात आल्या.

निसर्गाच्या दृष्टीने पाहता या लोकांना झाडीपट्टी अगदीच परकी नव्हती. भाताचे पऱ्हे टाकणे, चिखलणी, रोवणी ही कामे त्यांना शिकवावी लागली नाहीत. घराशेजारी लहानसे तळे खणून त्यात मासळी वाढविणे हा तर त्यांच्या संसाराचाच भाग होता. भाजीपाल्यातही त्यांचा हात बसलेला होता. म्हणजे कौशल्य होते. मग हक्काचे काय झाले?

हक्क मिळाला, पण अर्धा. सरकारी वाटपाची जमीन ही सर्वसाधारणपणे भोगवटादार वर्ग 2 या सदरात मोडते. ती कसता येते, वारसांना देता येते. परंतु विकावयाची वा गहाण टाकावयाची झाल्यास सरकारी परवानगी लागते. ज्या शेतकऱ्याला हवी तेव्हा आपली जमीन तारण ठेवता येत नाही, त्याला अडीअडचणीत सावकाराच्या दारी जावे लागते. दोन पिढ्यांत कुटुंबे वाढली; मूळ वाटपाचे तुकडे होत गेले. जमीन पुरेनाशी झाली की माणूस शिक्षणाकडे व नोकरीकडे वळतो. तेथे या समाजापुढे दुसरी भिंत उभी राहिली.

ती भिंत कागदाची आहे. अनुसूचित जातींच्या याद्या राज्यवार असतात; संविधानाच्या 341 व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपती त्या अधिसूचित करतात व पुढे त्यांत बदल करण्याचा अधिकार संसदेचा असतो. पश्चिम बंगालच्या यादीत नमःशूद्र आहेत, ओडिशाच्या यादीतही आहेत. महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. एकाच आईबापांच्या दोन मुलांपैकी एकाला सरकारने मलकानगिरीला पाठविले असेल आणि दुसऱ्याला अर्जुनीला, तर पहिल्याची नातवंडे अनुसूचित जातीची ठरतात आणि दुसऱ्याची ठरत नाहीत. आजोबांनी सोसलेली अस्पृश्यता एकच; रेल्वेच्या डब्याने मात्र दोन भावांचे भाग्य वेगळे केले. शिवाय जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. जे लोक 1964 साली देश सोडून आले, त्यांनी तो कोठून आणावा? जे 25 मार्च 1971 नंतर आले, त्यांच्यापुढे तर जातीच्या आधी नागरिकत्वाचाच प्रश्न होता. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम 2024 साली निघाले, तेव्हा त्यांच्यासाठी अर्जाचा एक मार्ग उघडला.

आता तिबेटी वसाहतीकडे पाहू. मार्च 1959 मध्ये ल्हासा येथे उठाव झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दलाई लामा भारतात पोहोचले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. त्यांतील कित्येकांनी आरंभीची वर्षे हिमालयाच्या कुशीत रस्ते बांधण्याच्या मजुरीवर काढली. पंडित नेहरूंच्या पुढाकाराने निरनिराळ्या राज्यांत शेतीच्या वसाहती उभारण्याचे ठरले. कर्नाटकातील बैलकुप्पे ही त्यांतली पहिली. महाराष्ट्राने जागा दिली ती आमच्या झाडीपट्टीत.

थंड पठारावरचा, सातू पिकविणारा व याक पाळणारा माणूस वैशाखात अंग भाजणाऱ्या मुलखात येऊन पडला. भात त्याला अनोळखी, चिखल अनोळखी, हवा तर वैऱ्यासारखी. कौशल्याच्या कसोटीवर पाहिले तर बंगाली शेतकऱ्याच्या तुलनेत तो कितीतरी मागे होता. तरीही आज दोन्ही वस्त्यांतून हिंडणाऱ्या कोणालाही तिबेटी वसाहतीतील घरे, शाळा, दवाखाना आणि गोंपा पाहून तेथील स्वास्थ्य जाणवते. याचे रहस्य शेतीत नाही.

ते आहे संघटनेत आणि पतीत. दिवाळीच्या सुमारास तिबेटी कुटुंबे वसाहत सोडून नागपूर-गोंदियासारख्या शहरांत जातात आणि रांगेने दुकाने मांडून लोकरीचे कपडे विकतात. स्वेटर त्यांनी विणलेले असतात असा आपला समज असतो. वस्तुतः बहुतेक माल लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून येतो आणि बराचसा उधारीवर येतो. हंगाम संपला की व्यापाऱ्याचे पैसे फेडावयाचे आणि लोसार या नववर्षाच्या सणासाठी घरी परतावयाचे, असा हा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. तारण काहीच नाही. तारण आहे ते समाजाच्या शब्दाचे. एकाने पैसे बुडविले तर साऱ्यांची पत जाते, म्हणून समाजच एकमेकांवर लक्ष ठेवतो. याशिवाय धरमशाला येथील त्यांचे मध्यवर्ती प्रशासन वसाहतीसाठी अधिकारी नेमते, सहकारी संस्थेवर देखरेख ठेवते. आरंभीच्या काळात परदेशी मदतसंस्थांचा हातही मिळाला. बंगाली निर्वासिताच्या पाठीशी असे जगाचे लक्ष कधीच नव्हते. दंडकारण्यातून परत फिरून जे सुंदरबनातील मरीचझापी बेटावर गेले, त्यांना 1979 साली तेथून बळाने हाकलण्यात आले. त्याची दाद घेणाराही त्या वेळी फारसा कोणी नव्हता.

तेव्हा तिबेटी सुखी व बंगाली दुःखी, असा निष्कर्ष काढून येथेच थांबावे काय? आमच्या मते तो उतावळेपणा होईल. वर सांगितलेला गज तिबेटी वसाहतीलाही लावला पाहिजे. वसाहतीची जमीन शासनाची आहे, राहणाऱ्याची नाही. 2014 साली केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले, तेव्हा राज्यांनी अशा जमिनी 20 वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्याव्यात असे सुचविले. वीस वर्षांचा पट्टा हा दिलासा खरा. पण वीस वर्षांच्या पट्ट्यावर कोणी नवेगावचा बांध बांधत नाही. भारतात जन्मलेल्या तिबेट्यांपैकी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात जन्मलेले लोक जन्मानेच नागरिक आहेत, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2010 च्या निर्णयाने स्पष्ट झाले. तथापि अनेकांनी नागरिकत्व मागितलेच नाही. ते घेतले तर परतण्याची आशा सोडल्यासारखे होईल, ही भावना त्यामागे आहे. जे नागरिक नाहीत ते परदेशी म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र बाळगतात आणि मुदत संपली की त्याचे नूतनीकरण करतात. त्यांना मत नाही, अनेक सरकारी नोकऱ्यांची दारे बंद.

परिणाम असा की, शिकलेली तिबेटी मुले वसाहतीत राहत नाहीत. ती बंगळूर-दिल्लीला जातात, तेथून युरोप-अमेरिकेला जातात. सरकारी आकडेवारीनुसार भारतातील तिबेट्यांची संख्या 2011 साली सुमारे दीड लाख होती. ती 2018 च्या सुमारास 85,000 वर आली. संपन्नता वाढते त्या ठिकाणी माणसे कमी होत चालली आहेत.

उलट बंगाली वस्त्यांत माणसे टिकून आहेत. ज्यांच्याकडे नागरिकत्व आहे ते मत देतात, ग्रामपंचायत चालवितात. त्यांची मुले घरी बंगाली व बाहेर झाडीबोली बोलतात. हरिचांद ठाकूरांच्या मतुआ पंथाचे कीर्तन डंक्याच्या तालावर चालते आणि प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेतही ते शेजाऱ्यांबरोबर असतात. त्यांची मुळे जमिनीत गेली आहेत. फक्त त्या मुळांना पुरेसे पाणी मिळालेले नाही.

तात्पर्य, या दोन वसाहतींत दारिद्र्याचे दोन प्रकार दिसतात. एकाकडे मत आहे, पत नाही. दुसऱ्याकडे पत आहे, मत नाही. दोघांनाही कष्टांचा आळस नाही. म्हणून ‘अमुक लोक मुळातच उद्यमी, तमुक लोक मुळातच मागासलेले’ अशी जी भाषा बाजारात व कधी कधी सुशिक्षितांच्या दिवाणखान्यातही ऐकू येते, ती अज्ञानाची आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या वाचकांनाही परप्रांतीयांविषयी अशी विधाने ऐकण्याचा सराव असेल. समाजाचा स्वभाव पाहण्याआधी त्याच्या हाती दिलेले कागद पाहावेत, एवढीच आमची विनंती.

कोहळ्यांच्या इतिहासाचा उत्तरार्धही येथे सांगितला पाहिजे. 1951 साली मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली ते योग्यच झाले. तिच्यात जुलूमही पुष्कळ होता. परंतु पाळ कोणी बांधावयाची, गाळ कोणी उपसावयाचा, ही जबाबदारी कोणाचीच उरली नाही. पुष्कळ तलाव गाळाने भरले, काहींच्या पोटात शेती होऊ लागली. पाणी अडविण्याची विद्या लोकांच्या हाती राहिली, पण हक्क फाईलीत गेला. तीनशे वर्षे मुरलेल्या समाजाचीही दोहोंच्या ताटातुटीने अशी हानी होते; मग पन्नास वर्षांपूर्वी आलेल्यांची काय कथा?

गोंड राजाजवळ जनगणना नव्हती, पुनर्वसन खाते नव्हते. आलेल्या माणसाला तो एवढेच विचारीत असावा : तुला काय येते? आणि उत्तर ऐकून त्याप्रमाणे जमीन देत असावा. आपण मात्र आलेल्यास त्याच्या नातवंडांपर्यंत एकच प्रश्न विचारीत आहोत : तू कोठला? अरुणनगरात आणि नॉर्ग्येलिंगमध्ये आज जी मुले शाळेत जात आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांचा जन्म याच मातीत झाला आहे. त्यांना पहिला प्रश्न विचारावयाचा की दुसरा, हे ठरविणे आता त्यांच्या हाती नाही; ते आपल्या हाती आहे.