औषध-विक्रीसंवर्धन व वैद्यक व्यवसाय, भारतातील

औषध-विक्रीसंवर्धन व वैद्यक व्यवसाय, भारतातील : आपल्या औषधांचा खप वाढावा या हेतूने औषधनिर्मात्या कंपन्या वैद्यक व्यवसायींना भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार, रोख रकमा इ. लाभ देतात. औषधाची निवड वैद्य करतो, किंमत मात्र रोगी मोजतो. या प्रश्नाचे मूळ या विभक्ततेत आहे. लाभांवरील खर्च किंमतीत मिळविला जात असल्याने त्याचा भार अखेर रोग्यावर पडतो.

पार्श्वभूमी : अनेक रोगांवरील औषधांची जनतेपुढे जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी घातली. त्यामुळे विक्रीसंवर्धनाचा रोख वैद्यांकडे राहिला. १९७० च्या एकस्व (पेटंट) अधिनियमान्वये औषधांच्या बाबतीत उत्पादनास नव्हे, तर केवळ उत्पादनप्रक्रियेस एकस्व मिळू लागले. ही तरतूद २००५ पर्यंत टिकली. तिच्यामुळे देशी उद्योगाची भरभराट झाली व औषधे स्वस्त झाली; परंतु एकच औषधद्रव्य अनेक कंपन्या निरनिराळ्या व्यापारी नावांनी विकू लागल्या. गुणधर्मांत फरक नसल्याने चिठ्ठीवर कोणते नाव लिहिले जाते, यावरच खप अवलंबून राहिला व वैद्यकीय प्रतिनिधीला महत्त्व आले. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ मध्ये व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली. तथापि ती पूर्णतः अंमलात आली नाही.

व्यावसायिक नियम : भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये व्यावसायिक आचाराचे विनियम केले. डिसेंबर २००९ मध्ये त्यांत दुरुस्ती करून कंपन्यांकडून भेटी, प्रवाससुविधा, पाहुणचार व रोख रकमा स्वीकारण्यास वैद्यांना मनाई करण्यात आली. २०१६ मध्ये लाभाच्या रकमेनुसार शिक्षा ठरविण्यात आल्या. समज देण्यापासून नोंदवहीतून काही काळ नाव काढून टाकण्यापर्यंत त्यांची व्याप्ती होती. परिषदेचा अधिकार मात्र नोंदणीकृत वैद्यांपुरताच होता. घेणारा बांधला गेला, देणारा मोकळा राहिला. कंपन्यांसाठी १ जानेवारी २०१५ पासून लागू झालेली आचारसंहिता ऐच्छिक होती.

करविषयक वाद : ही उणीव काही अंशी करकायद्याने भरून निघाली. वैद्यांना मनाई असलेल्या लाभांवरील खर्च कंपन्यांना व्यवसायखर्च म्हणून वजा मिळणार नाही, असे परिपत्रक केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०१२ मध्ये काढले. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी वैध ठरविले. याउलट परिषदेचे विनियम कंपन्यांना लागू नाहीत, असा निर्णय प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने जानेवारी २०१७ मध्ये एका प्रकरणात दिला. ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका पूरक औषधाच्या प्रसारासाठी वैद्यांना दिलेल्या वस्तूंत सोन्याची नाणी, दूरचित्रवाणी संच, प्रशीतके इत्यादींचा समावेश होता व कंपनीने सु. ४.७२ कोटी रु. वजावट मागितली होती. जे घेणे निषिद्ध आहे ते देणेही कायद्याने निषिद्धच ठरते, असा निर्णय न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी देऊन वजावट नाकारली. अशा भेटींमुळे औषधाची किंमत वाढते, याचीही न्यायालयाने दखल घेतली. त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने हे तत्त्व प्राप्तिकर कायद्यात स्पष्टपणे अंतर्भूत केले.

अमेरिकेतील प्रकटीकरण : अमेरिकेने २०१० च्या कायद्याने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे प्रत्येक वैद्याला मिळालेल्या रकमांचा तपशील २०१४ पासून शासनातर्फे प्रसिद्ध होतो. त्यावर आधारलेल्या २०१६ मधील एका अभ्यासात, सरासरी २० डॉलरहून कमी किंमतीच्या एका भोजनाचाही संबंधित व्यापारी औषध अधिक लिहून देण्याशी संबंध आढळला. मात्र एकामुळेच दुसरे घडते, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. तरीही किरकोळ भेट निरुपद्रवी असते, ही समजूत त्यामुळे डळमळीत झाली.

मूल्यमापन : मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने कंपन्यांसाठी नवी संहिता जाहीर केली. तीनुसार तक्रारींची चौकशी प्रथम उद्योगसंघटनांच्याच समित्यांकडे सोपविली आहे. वैद्याच्या नावानिशी लाभ प्रकट करणारी अमेरिकेसारखी सार्वजनिक नोंदवही भारतात नाही. वैद्यांवरील निर्बंध व करवजावटीचा नकार यांमुळे लाभ देणे महाग व जोखमीचे झाले. परंतु आपल्या चिठ्ठीवरील नाव कशामुळे आले, हे जाणून घेण्याचे साधन रोग्याच्या हाती आलेले नाही.