टपालगाड्यांची चित्रे आणि चित्राबाहेरची माणसे

नाताळच्या सुमारास जी भेटकार्डे घरोघर येतात, त्यांत एक चित्र आपल्या ओळखीचे आहे. बर्फाने झाकलेला रस्ता, सराईच्या दारावर लटकणारा दिवा, चार घोडे जुंपलेली उंच गाडी, छपरावर अंग आखडून बसलेले उतारू आणि मागच्या आसनावरून कर्णा फुंकणारा तांबड्या डगल्यातला गार्ड. बेथलेहेमशी या चित्राचा काडीचाही संबंध नाही. ते ज्या मूळ चित्रांवरून उचलले गेले, ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या दुकानांत विकली जात होती, आणि त्यांमागची प्रेरणा भक्तीची नसून वेगाच्या कौतुकाची होती. त्या चित्रांचा, ती घडविणाऱ्या हातांचा आणि ज्यांना त्यांत जागा मिळाली नाही अशा काही माणसांचा मागोवा घ्यावा, असे आम्हांला वाटले.

आरंभ टपालापासून करणे भाग आहे. १७८४ पूर्वी इंग्लंडमधील टपाल घोड्यावरून जाणारी पोरे नेत असत. ती रेंगाळत, वाटेत लुटलीही जात. बाथ येथील जॉन पामर या नाटकगृहाच्या मालकाला आपली नटमंडळी बाथहून ब्रिस्टलला झटपट हलविण्याची सवय होती. नट जर इतक्या लवकर पोहोचतात, तर पत्रे का पोहोचू नयेत, असा त्याचा साधा प्रश्न होता. २ ऑगस्ट १७८४ रोजी दुपारी ४ वाजता त्याची पहिली टपालगाडी ब्रिस्टलहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता लंडनमध्ये दाखल झाली. ज्या प्रवासाला दीड दिवस लागे, तो सोळा तासांत झाला. पुढे १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची देखरेख जॉन लाउडन मॅकॅडमकडे आली. त्याने बारीक फोडलेल्या खडीचे थर दाबून कोरडे, टणक रस्ते बांधण्याची रीत रूढ केली आणि गाड्यांचा वेग ताशी दहा मैलांच्या आसपास गेला. आज हा आकडा वाचून हसू येईल. त्या पिढीला तो चमत्कार वाटला.

गाडी, घोडे आणि हाकणारा हे सारे ठेकेदारांचे असे. गार्ड मात्र टपालखात्याचा नोकर. पगार आठवड्याला साडेदहा शिलिंग, बाकी उतारूंच्या बक्षिसीवर. त्याच्यापाशी रुंद तोंडाची बंदूक, पिस्तुले, कर्णा आणि एक घड्याळ असे. त्याने काट्यांशी खेळ करू नये म्हणून ते घड्याळ कुलूपबंद पेटीत ठेवलेले असे! टपालगाडीला टोल माफ होता. दुरून कर्ण्याचा आवाज आला की नाकेदाराने फाटक उघडून उभे राहायचे. गाडीचा वरचा भाग काळा, खालचा गडद तांबूस, चाके लालभडक आणि दारावर राजचिन्ह. चित्रकाराला याहून अधिक काय हवे?

हा चित्रकार म्हणजे जेम्स पोलार्ड. तो १७९२ साली जन्मला आणि १८६७ मध्ये वारला. त्याचे वडील रॉबर्ट पोलार्ड हे स्वतः उत्कीर्णक आणि चित्रांचे प्रकाशक. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या लंडन सोडताना इस्लिंग्टनच्या 'पीकॉक' आणि 'एंजल' या सरायांपाशी थांबत, आणि पोलार्डच्या चित्रांत ही ठिकाणे पुनःपुन्हा येतात. घोड्याच्या साजाची प्रत्येक वादी, गाडीवर रंगविलेले गावाचे नाव, छपरावरचे सामान हे सारे तो इतक्या नेमकेपणाने काढी, की पुढच्या इतिहासकारांना त्याची चित्रे कागदपत्रांच्या तोडीची ठरली. माणसांचे चेहरे मात्र त्याला तितकेसे साधले नाहीत, असे आमचे मत आहे. त्याच्या चित्रांतील उतारू बाहुल्यांसारखे बसलेले दिसतात. जिवंत असते ती गाडी.

त्याचे सर्वांत गाजलेले चित्र तर बातमीवर बेतलेले आहे. २० ऑक्टोबर १८१६ च्या रात्री एक्झेटरहून लंडनला निघालेली टपालगाडी सॉल्झबरीजवळ विंटर्सलो येथील सराईपाशी पोहोचली, तोच अंधारातून एका जनावराने पुढच्या घोड्यावर झेप घेतली. सॉल्झबरीच्या जत्रेला निघालेल्या एका फिरत्या प्राणिसंग्रहातून सुटलेली ती सिंहीण होती. उतारू सराईत पळाले आणि त्यांनी दार लावून घेतले. गार्डने बंदूक उचलली; पण संग्रहाच्या मालकाला आपली सिंहीण जिवंत हवी होती. त्याच्या माणसांनी एक दांडगा कुत्रा तिच्यावर सोडला. तिने त्याला ठार केले आणि ती धान्याच्या कोठाराखाली जाऊन दडली. तिथून तिला पकडण्यात आले. घोडा वाचला आणि पुढे जत्रेत तोही पैसे घेऊन दाखविण्यात आला, असे सांगतात. १८१७ मध्ये पोलार्डचे या प्रसंगाचे चित्र बाजारात आले. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यालाही दुकानाच्या काचेतून ही बातमी पाहता आली.

ही चित्रे ज्या पद्धतीने छापली जात, तिला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरून ती उष्णतेने चिकटवायची, मग पत्रा आम्लात बुडवायचा. राळेच्या कणांमधल्या फटींत आम्ल तांबे खाते आणि पत्र्यावर अतिसूक्ष्म खरखर उमटते. जेवढा भाग फिका हवा, तेवढ्यावर रोगण लावून तो झाकायचा आणि उरलेला पुन्हा आम्लात सोडायचा. असे अनेकदा केले म्हणजे फिक्या राखाडीपासून गडद काळ्यापर्यंतच्या छटा मिळतात. शाईने रंगविलेल्या चित्राचा भास होतो. फ्रान्समध्ये विकसित झालेली ही कला पॉल सँडबीने १७७५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रुजविली. पश्चिम भारतालाही ती अपरिचित नाही. थॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी १७९३ मध्ये मुंबईच्या परिसरात येऊन लेण्यांची रेखाटने केली आणि त्यांचा 'ओरिएंटल सीनरी' हा संग्रह १७९५ ते १८०८ या काळात याच पद्धतीने छापला गेला. रॉबर्ट ग्रिंडले या लष्करी अधिकाऱ्याची पश्चिम भारतातील देखावे दाखविणारी चित्रेही अशीच निघाली. लंडनच्या ज्या कारखान्यांत बर्फात रुतलेली टपालगाडी छापली जाई, तसल्याच कारखान्यांत आपल्याकडचे डोंगरही छापले जात होते.

छपाई एखाद-दुसऱ्या शाईत होई. रंग मात्र हातानेच भरावे लागत. एका चित्राच्या प्रती टेबलावर फिरत जात आणि एकाने आकाश, दुसऱ्याने गवत, तिसऱ्याने गार्डचा डगला, असे काम चाले. रंग भरणाऱ्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ असत. चित्राखाली चित्रकाराचे नाव असे, उत्कीर्णकाचे असे, प्रकाशकाचा तर पत्ताही असे. ज्यांनी डगला तांबडा केला, त्यांचे नाव कोठेच नसे.

प्रकाशकांत अग्रणी होता रुडॉल्फ आकरमान. हा सॅक्सनीचा जर्मन, मूळ धंद्याने गाड्यांच्या नमुन्यांचा आरेखक. अ‍ॅडमिरल नेल्सनचा अंत्ययात्रेचा रथ त्यानेच आखला होता. त्याच्या स्ट्रँड रस्त्यावरील दुकानाचा एक तपशील आपल्या वाचकांना विशेष वाटेल. फ्रेंच राज्यक्रांतीने धर्मगुरूंवर नव्या राज्यघटनेची शपथ लादली. ती नाकारणारे हजारो धर्मगुरू १७९२ नंतर देशोधडीला लागले आणि त्यांतील पुष्कळांनी इंग्लंडचा किनारा गाठला. जो देश कॅथलिकांना दोन शतके संशयाने पाहत आला, त्यानेच त्यांना आसरा दिला, ही इतिहासाची गंमतच म्हणायची. पोटापाण्यासाठी काय करावे, हा प्रश्न होताच. आकरमानने अशा निर्वासितांना काम दिले. सरदारघराण्यांतील स्त्री-पुरुष आणि धर्मगुरू त्याच्याकडे शोभेचे पडदे, फुलदाण्यांच्या बैठका, रंगीत पेट्या अशा वस्तू करीत. पोलार्डच्या गाड्या छापल्या जाऊ लागल्या, त्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधीची ही गोष्ट. पण सकाळी मिस्सा अर्पण करून दुपारी कुंचला हाती घेणारा एखादा वृद्ध फ्रेंच धर्मगुरू आम्हांला त्या चकचकीत दुकानाच्या मागच्या खोलीत दिसत राहतो.

गाड्यांच्या जोडीने खेळांची चित्रे खपत. शिकार, शर्यती, मुष्टियुद्ध, मासेमारी. या प्रांतातला बिनीचा माणूस हेन्री अ‍ॅल्कन. आरंभी त्याने 'बेन टॅली-हो' या टोपणनावाने चित्रे काढली. त्याचे घोडे चारही पाय पुढेमागे ताणून हवेत तरंगतात. घोडा असा कधीच धावत नाही, हे १८७८ मध्ये मायब्रिजने कॅलिफोर्नियात छायाचित्रे घेऊन दाखवून दिले. तोवर सगळ्या युरोपने अ‍ॅल्कन आणि त्याच्या भाईबंदांवरच विश्वास ठेवला होता. अ‍ॅल्कनच्या 'नॅशनल स्पोर्ट्स ऑफ ग्रेट ब्रिटन' या १८२१ च्या पुस्तकात पन्नास रंगीत चित्रे आहेत. त्यांत कोल्ह्याची शिकार आहे, तशी कोंबड्यांची झुंज आहे आणि खुंटाला बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळही आहे. बैल मान खाली घालून उभा, भोवती टोपीवाले प्रेक्षक, सारे नीटनेटके रंगविलेले. हा राष्ट्रीय खेळ! त्याच सुमारास पार्लमेंटमध्ये गॉलवेचा प्रतिनिधी रिचर्ड मार्टिन जनावरांसाठी भांडत होता आणि सभासद त्याची टर उडवीत होते. १८२२ मध्ये त्याने गुरे व घोडे यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्धचा कायदा संमत करून घेतला. बैलांवर कुत्रे सोडण्यास आणि झुंजींना प्रतिबंध व्हायला १८३५ उजाडले. मार्टिनचे घराणे मूळचे कॅथलिक. पुढे पार्लमेंटचे दार उघडावे म्हणून त्याला प्रॉटेस्टंट म्हणून वाढविण्यात आले होते. कॅथलिकांच्या हक्कांसाठीही तो शेवटपर्यंत बोलत राहिला.

येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण घोडा आणि धर्म यांची गाठ या चित्रांच्या काळाआधीपासून पडलेली आहे. आयर्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या कायद्यान्वये कॅथलिकाला पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगता येत नसे. कोणाही प्रॉटेस्टंटाने पाच पौंड पुढे केले, की घोडा त्याचा. आर्ट ओ'लिअरी हा तरुण ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीच्या फौजेत अधिकारी होऊन मायदेशी परतला होता. त्याच्या घोडीने मॉरिस नावाच्या दंडाधिकाऱ्याच्या घोड्याला शर्यतीत मागे टाकले, असे परंपरा सांगते. मॉरिसने पाच पौंड देऊन घोडी मागितली, ओ'लिअरीने नकार दिला. ४ मे १७७३ रोजी कॉर्क परगण्यात त्याला गोळी घालण्यात आली. घोडी रिकाम्या खोगिराने घरी आली, आणि तिच्यावर स्वार होऊन पत्नी एलिन पतीच्या प्रेतापाशी पोहोचली. तिने केलेला विलाप आयरिश भाषेतील थोर काव्यांत गणला जातो. त्या शर्यतीचे रंगीत चित्र कोणत्याही दुकानाच्या काचेत लागले नाही.

'स्टीपलचेस' हा शर्यतीचा प्रकारही त्याच कॉर्क परगण्यातला मानतात. १७५२ साली दोन स्वारांनी पैज लावून बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, शिखरावर नजर ठेवून, कुंपणे आणि ओढे ओलांडीत घोडे फेकले. अ‍ॅल्कनने या प्रकारच्या शर्यतींची कितीतरी चित्रे काढली. पण ज्या शिखरांकडे स्वार धावत होते, ती शिखरे कॅथलिकांची नव्हती. इंग्लंडमध्ये १७९१ च्या कायद्याने कॅथलिकांना उघड उपासनेची मुभा दिली, तीही उपासनामंदिराला शिखर आणि घंटा नसेल या अटीवर. अ‍ॅल्कनच्या क्षितिजावर शिखर सुबक दिसते. आपल्या बांधवांची मंदिरे तेव्हा गल्लीबोळांत, साध्या घराच्या वेषात उभी होती.

एलिनचा भाचा म्हणजे डॅनियल ओ'कॉनेल. १८२८ मध्ये क्लेअर परगण्यातून तो पार्लमेंटवर निवडून आला. कॅथलिक म्हणून त्याला जागा घेता येत नव्हती. १३ एप्रिल १८२९ रोजी मुक्तिकायद्याला राजाची संमती मिळाली. डब्लिनच्या लोकांचा लंडनला जाण्याचा राजमार्ग होलीहेड बंदरावरून जाई. टेलफर्डने तो रस्ता बांधून काढला होता आणि ३० जानेवारी १८२६ च्या पहाटे मेनाई सामुद्रधुनीवरचा त्याचा झुलता पूल खुला झाला, तेव्हा तो ओलांडणारे पहिले वाहन होते टपालगाडी. आयरिश प्रश्नाची पत्रे, अर्ज, बातम्या त्याच गाड्यांतून गेल्या. चित्रांत गार्डच्या पायांखाली जी टपालाची पेटी दिसते, तिच्यात काय होते हे चित्रकार कसे दाखविणार!

१८३६ च्या नाताळात इंग्लंडवर प्रचंड हिमवर्षाव झाला. टपालगाड्या जागोजाग अडकल्या आणि त्या संकटाचीही चित्रमालिका निघाली. त्यांतील एकात बर्मिंगहॅमची गाडी आयल्सबरीजवळ रुतलेली आहे आणि गार्ड टपालाच्या थैल्या घेऊन घोड्यावरून लंडनकडे निघाला आहे. गाडी अडली तर टपाल पुढे न्यायचे, घोड्यावर किंवा पायी, असा नियमच होता. भेटकार्डावरील गोड बर्फाचा एक उगम हा आहे. थंडीने कुडकुडणाऱ्या त्या माणसाला तो गोड वाटला नसेल.

तोवर खेळ संपत आला होता. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे सुरू झाली होती, १८३८ मध्ये लंडन–बर्मिंगहॅम मार्ग पूर्ण झाला. सराया ओस पडल्या, घोडे विकले गेले. १८४० मध्ये पोलार्डची पत्नी आणि धाकटी मुलगी वारल्या. त्या आघातातून तो सावरला नाही आणि त्याच्या चित्रांना असणारी मागणीही ओसरली. चार्ल्स कूपर हेंडरसनसारखे चित्रकार आता गाड्यांच्या 'आठवणी' रंगवू लागले होते. १८४६ च्या जानेवारीत नॉरिचची गाडी बंद झाली आणि लंडनहून सुटणाऱ्या टपालगाड्यांचे युग आटोपले.

पोलार्डचे १८४५ च्या सुमाराचे एक चित्र आहे. लाउथहून लंडनला जाणारी टपालगाडी पीटरबरोपासून पुढे निघाली आहे. काळा-तांबूस रंग तोच, दारावरचे राजचिन्हही तेच. मात्र घोडे नाहीत. आख्खी गाडी रेल्वेच्या उघड्या डब्यावर चढवून बांधली आहे आणि तिला आगगाडी ओढून नेत आहे.