एका कोशातील बिऱ्हाडे

ज्या सॉलिड स्टेट ड्राइव्हच्या खरेदीपूर्वी बेताच्या प्राप्तीचा गृहस्थ आज आपली जमाखर्चाची वही दहादा चाळतो, त्याचा पूर्वेतिहास पाहिला, तर ही काटकसर मुळीच लाजिरवाणी वाटणार नाही. कारण १९९१ साली सनडिस्कने आयबीएमसाठी सिद्ध केलेल्या अवघ्या २० मेगाबाइटच्या ड्राइव्हचे मोल सुमारे १००० डॉलर होते. ज्या नॅण्ड फ्लॅश स्मृतीमुळे पुढे हे मोल उतरले, तिचे जनक तोशिबातील फुजिओ मासुओका. १९८७ साली ती जगापुढे आली. स्वस्ताई मात्र फुकट आली नाही. आरंभी या स्मृतीच्या एका कोशात माहितीचा एकच बिट नांदत असे. पुढे दोन, तीन आणि अखेर चार बिटांची दाटी झाली, आणि मुंबईच्या चाळीतील खोलीप्रमाणे, बिऱ्हाडकरू वाढले तसतसे दरडोई भाडे उतरले, तरी भिंतींचे आयुष्य घटत गेले. म्हणूनच मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात घासाघीस करणाऱ्याने कोशातील बिटसंख्या, हमीची मुदत आणि लेखनाची कमाल मर्यादा यांचा तपशील दुकानदाराकडून आधी वसूल करावा. वेगाच्या आकड्यांना मी स्वतः फारसे महत्त्व देत नाही. फिरत्या तबकडीची सवय असलेल्याला साधासुधा ड्राइव्हही विलक्षण चपळ भासतो.