एका सोन्याच्या पिनेवरचे क्रियापद

लॅटिन, ऑस्कन आणि अंब्रियन या प्राचीन इटलीतल्या भगिनीभाषा. त्यांच्या आईला अभ्यासक ‘आद्य-इटालिक’ म्हणतात. तिचा एकही शब्द लिहिलेला मिळालेला नाही. लेकींच्या बोलण्यावरून आई ओळखायची. म्हणून तिच्या प्रत्येक रूपाआधी तारका छापतात. अर्थ असा, की हे रूप अनुमानाचे आहे. विद्यापीठाबाहेर राहून, मिळतील त्या व्याकरणांतून मी हा विषय शिकलो; या तारकेइतकी शिस्त मला दुसऱ्या कोणी लावली नाही.

‘केले’ हे एकच क्रियापद घेऊ. अभिजात लॅटिनमध्ये ते ‘फेकित्’. रोममध्ये १८८० साली ड्रेसेल यांना मिळालेल्या प्राचीन ‘दुएनोस’ पात्रावर ‘फेकेद’. मात्र १८८७ साली हेल्बिग यांनी पुढे आणलेल्या, प्राइनेस्तेच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, वस्त्र अडकवायच्या सोन्याच्या पिनेवर ‘मानिओसने मला नुमासिओससाठी बनवले’ अशा अर्थाचा लेख आहे. त्यात रूप आहे ‘फेफाकेद’.

इथे धातूचा आरंभ दोनदा येतो. आपल्याला संस्कृतातला लिट् आठवेल: ‘दा’चे ‘ददौ’. लॅटिन ‘देदित्’ (दिले) त्याच घडणीचे. ‘फेकेद’चे नाते मात्र लुङ्-वर्गाशी, ग्रीक ‘एथेके’शी. मूळ इंडो-युरोपीय भाषेत हे दोन प्रकार वेगळे होते. इटालिकमध्ये ते एकाच भूतकाळात मिसळले. मग आईच्या तोंडी कोणते रूप होते?

१९८० साली मार्गेरिता ग्वार्दुच्ची यांनी ही पिन बनावट असल्याचे प्रतिपादन केले. पिनेबरोबर द्वित्वही निकालात निघाले का? नाही. बान्तिया येथील ऑस्कन कांस्यपटावर ‘फेफाकुस्त’ (केले असेल) आहे आणि तो पट पिनेच्या कितीतरी आधी विद्वानांना ठाऊक होता. पण हीच गोष्ट उलटीही वाचता येते: बनावट करणारा ते रूप तिथूनच उचलू शकला असता. म्हणजे संशय असेपर्यंत पट आणि पिन यांना दोन स्वतंत्र साक्षीदार मानता येत नव्हते.

२०११ साली जाहीर झालेल्या तपासणीत सोन्यावर दीर्घकाळातच घडणारे सूक्ष्म स्फटिकीभवन आढळले आणि पिनेची साक्ष पुन्हा ग्राह्य झाली. आता लॅटिनच्याच जुन्या लेखांत दोन्ही रूपे दिसतात. प्राइनेस्तेची बोली रोमहून थोडी निराळी होती हे धरूनही, मला वाटते, आईच्या पदरी दोन्ही घालावीत: *फेफाक- आणि *फेक-. लेकींनी आपापल्या सोयीने एकेक टिकवले.

पुनर्रचित रूपाची किंमत त्याच्या सुबकपणावर ठरत नाही. त्याच्या बाजूचे साक्षीदार एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत, यावर ठरते.