कोतवड्याचे पटवर्धन

लोट्याहून दक्षिणेस परशुराम घाट उतरला की चिपळूण लागते. तिथून खाली गेले की रत्नागिरीजवळचे कोतवडे. पटवर्धन घराण्याचे हे मूळ गाव. इथले गणेशभक्त हरभट इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय झाले. भिक्षुकाच्या मुलांनी मात्र पेशव्यांच्या फौजेत तलवार धरली.

नातू परशुरामभाऊ सर्वांत पराक्रमी. टिपूविरुद्धच्या मोहिमेत त्यांनी १७९१ मध्ये धारवाड घेतले. १७९५ मध्ये खर्ड्यावर सेनापतिपद सांभाळले. पुढे चारच वर्षांनी पट्टणकोडोलीला ते पडले, आणि तेही कोल्हापूरकरांशी लढताना. निजामाला नमवणारा सेनानी मराठ्यांच्याच हातून गेला!

मग घरच फुटले. चिंतामणराव आप्पासाहेबांचे चुलते गंगाधररावांशी पटेना. १८०१ मध्ये मिरज चुलत्यांकडे राहिली. आप्पासाहेबांनी कृष्णाकाठी सांगलीला राजधानी केली. भाऊबंदकीला आपण एरवी दोषच देतो, पण सांगलीचा उत्कर्ष तिचेच अपत्य. त्यांच्याच आश्रयाने १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले.

सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड ही पटवर्धनी संस्थाने १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली.