वाघापासून किती लांब?

"आजोबा, बजेट किती?" हा नातवाचा पहिला प्रश्न. दुसरा, "आणि तुम्हाला उचलवेल किती?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं. दुसऱ्याचं द्यायला मात्र दोन महिने लागले, आणि ते शोधता शोधता मी कॅमेऱ्याच्या दुकानातून निघून थेट इतिहासात जाऊन पोचलो. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे खोड जात नाही.

तर झालं असं की, यंदाच्या फेब्रुवारीत ताडोबा आणि तिथून पुढे गडचिरोली असा आठ दिवसांचा बेत ठरला. मी राहतो वरोऱ्याला, म्हणजे ताडोबा आमच्या अंगणातच म्हणायचं. पण जवळचं देऊळ पाहायचं राहून जातं, तसं हातात चांगला कॅमेरा घेऊन तिकडे जाणं कधी जमलंच नव्हतं. आता वय चौऱ्याहत्तर, उजवा खांदा कुरकुरतो. मोबाईलवर भागवावं म्हटलं, तर ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सफारीला मोबाईल नेता येत नाही. २०१८ च्या डिसेंबरपासून तशी बंदी आहे. (उत्तम केलं. माणूस जंगलात जाऊन फोनवर बोलतो, याचा मला फार राग येतो.) म्हणजे कॅमेरा घेणं आलंच.

नागपूरला एका मित्राकडे १५० ते ६०० मिलिमीटरचं मोठं भिंग हातात घेऊन पाहिलं. नुसतं भिंगच दोन किलोच्या आसपास, वर कॅमेऱ्याचं वजन निराळं. पाच मिनिटांत हात थरथरायला लागला. मित्र म्हणाला, "सवय होते." म्हटलं, बाबा रे, सवयी लागायचं वय गेलं.

त्या थरथरणाऱ्या हातानेच मला माझा पहिला कॅमेरा आठवला.

१९७८ साल. मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एसटीची गाडी ठरवून आम्ही नववी-दहावीची सहल ताडोबाला नेली. माझ्या गळ्यात आग्फा क्लिक थ्री. आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. बडोद्याला बनायचा तो डबा, आत १२० चा रोल, बारा फोटो. फारसं काही फिरवायचं नाही, बटण दाबायचं. वाटेत मोकळ्या जागेत रानगवा उभा दिसला, शंभरेक मीटरवर. बसमधून एक फोटो काढला, पण समाधान होईना. म्हणून मी खाली उतरलो आणि त्याच्या दिशेने चालायला लागलो. पंधरा-वीस पावलं गेलो असेन, तोच मागून एका वनरक्षकाने माझा सदरा धरून मला अक्षरशः खेचत आणलं. "मास्तर, पोरांना काय शिकवता हे?" एवढंच तो बोलला. पोरं खिडक्यांतून पाहत होती. ती शरम अजून जात नाही.

फोटो धुऊन आला. पैसे वाचवायला मोठा न करता रोलच्या मापाचाच, सव्वादोन इंची. त्यात गवा तिळाएवढा. वर्गात दाखवला तर एकाने विचारलं, "सर, यात गवा कुठं हाय?" मग मी पेनने त्याच्याभोवती गोल केला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे.

यंदा कॅमेरे पाहताना सहज कागदावर गणित मांडलं. वाघ आडवा, शेपटीसकट, चौकटीत भरून यायचा तर चौकटीत साडेतीन-पावणेचार मीटर रुंदीची जागा मावायला हवी. माझ्या क्लिक थ्रीने ते साधायला वाघापासून पाच मीटरच्या आत उभं राहावं लागलं असतं. मित्राच्या ६०० च्या भिंगाने साठ मीटरवरून जमतं. आणि दोन हजार मिलिमीटरपर्यंत जाणारे जे एकसंध झूमवाले कॅमेरे निघाले आहेत, त्यांनी दोनशे मीटरवरून. पाच, साठ, दोनशे. हे आकडे पाहिले आणि लक्षात आलं की आपण कॅमेरा निवडत नसून वाघापासून किती लांब राहायचं ते ठरवतो आहोत.

हा प्रश्न ज्याने पहिल्यांदा नीट सोडवला, तो माणूस म्हणजे एफ. डब्ल्यू. चँपियन. इंग्रजांच्या वनखात्यातला अधिकारी. उत्तरेकडे, शिवालिकच्या रानात नोकरी. ज्या काळात साहेब लोक वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेत, त्या काळात हा गृहस्थ जिवंत वाघाचे फोटो काढण्याच्या नादी लागला. दूरचं दाखवणारी भिंगं तेव्हा दुबळी, फिल्म मंद, आणि वाघ हिंडणार रात्री. म्हणजे जवळूनच काढायला हवा, आणि जवळ तर जाता येत नाही. त्याने युक्ती केली. वाघाच्या वाटेवर बारीक तार ताणायची, ती कॅमेऱ्याला आणि उजेड पाडणाऱ्या फ्लॅशला जोडायची, आणि आपण निघून जायचं. वाघाचा पाय तारेला लागला की भक्कन उजेड, आणि फोटो. काढणारा वाघच! १९२५ मध्ये हे फोटो लंडनच्या सचित्र साप्ताहिकात आले, १९२७ मध्ये पुस्तक निघालं. पाच मीटरवर कॅमेरा ठेवायचा, स्वतः मात्र तिथे असायचं नाही, हे त्याचं उत्तर. या फोटोंवरूनच त्याला हेही दिसलं की दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो.

(चँपियनच्या आधी आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्यापुढे कॅमेरा ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं होतं, 'अंकुराची वाढ' म्हणून. वाटाणा आणि वाघ यांत फरक आहे, कबूल. पण कॅमेरा लावून गप्प बसण्याची चिकाटी तीच.)

चँपियनची ही ओळखीची युक्ती वाघ मोजायला वापरावी, हे सरकारला सुचायला मात्र फार वर्षं लागली. १९७२ ची पहिली देशव्यापी गणना पावलांच्या ठशांवरून झाली. ठशावर काच ठेवायची, वरून रेषा काढायची, ती कागदावर उतरवायची. त्या वेळी १,८२७ वाघ मोजले गेले. पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. ठशांची ही पद्धत तीस वर्षं चालली. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, कागदावर मात्र ते होते, तेव्हा कुठे २००६ पासून पद्धत बदलली. आता जंगलाचे चौकोन पाडून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतात. दोन का? तर वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे वेगळे, उजव्या कुशीवरचे वेगळे. दोन्ही बाजू मिळाल्या तरच खात्री. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले, त्यांतले वाघाचे ७६,६५१. म्हणजे साडेचारशे फोटोंमागे एक. महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ वाघांचा अंदाज होता, २०२२ मध्ये ४४४. त्यांतले बरेचसे आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात.

उरलेल्या साडेचारशे फोटोंत काय असतं? माझा एक जुना विद्यार्थी कोलाऱ्याच्या बाजूला वनमजूर आहे, कॅमेरे बांधायला जातो. त्याला विचारलं. हसून म्हणाला, "सर, तुमच्या क्यामेऱ्यात वाघ येते. आमच्या क्यामेऱ्यात जास्त तर आमीच येतो." चितळ, रानडुक्कर, वाऱ्याने हललेलं गवत, बफरमध्ये सरपण आणायला निघालेल्या बाया, गाई-बैल, आणि कॅमेरा नीट लागला का म्हणून त्याच्यापुढून गुडघ्यावर रांगत जाणारा हा स्वतः. कॅमेरा चालतो की नाही ते असंच तपासतात म्हणे.

पण कॅमेऱ्याने सगळं काम होत नाही. वाघाच्या खुणा, विष्ठा, ओरखडे, यांची पाहणी पायीच करावी लागते. २० नोव्हेंबर २०२१ ला अशाच पाहणीसाठी कोलारा परिक्षेत्रातली एक महिला वनरक्षक तीन मजुरांना घेऊन सकाळी निघाली होती. वाटेवर वाघीण बसलेली दिसली, साधारण दोनशे मीटरवर. ते थांबले, अर्ध्या तासाने वाट सोडून आडरानातून वळसा घालून निघाले. वाघिणीने मागून गाठून तिला ओढत नेलं. ती वाघीण म्हणजे माया. ताडोबाची सगळ्यांत लाडकी, जिचे फोटो देशभरातल्या हौशी लोकांच्या भिंतींवर आहेत. त्या घटनेनंतर पायी पाहणी काही काळ थांबवावी लागली.

माझ्या कागदावरचा तिसरा आकडा दोनशे मीटरचा होता. तो आकडा लिहिताना मी खूश झालो होतो, की वा, दोनशे मीटरवर आपण सुरक्षित! ही बातमी जुनीच, मला माहीतही होती, पण त्या कागदाशेजारी ठेवून पुन्हा वाचली तेव्हा कागद बाजूला सारला. जिप्सीत बसून दोनशे मीटर आणि पायी दोनशे मीटर यांत काहीच साम्य नाही. आणि माझ्या मनात सारखं १९७८ मधलं ते सदरा धरणारं माणूस येत राहिलं. मला मागे खेचायला तोही पायीच आला होता.

असो. शेवटी मी वापरलेला निकॉन पी ९०० घेतला. २०१५ मधलं मॉडेल, वजन ९०० ग्रॅम, भिंग बदलायची भानगड नाही. ताडोबाच्या लाल धुळीत उघड्या जिप्सीत भिंग बदलणं म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात मूठभर माती टाकणं. याची उणी बाजूही सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. ते 'दोन हजार' खरे दोन हजार नाहीत. भिंग खरं ३५७ मिलिमीटरचंच, पण आतला संवेदक नखाएवढा. मोठ्या चित्राचा छोटा तुकडा कापून दाखवावा तसा प्रकार. त्यामुळे भर उजेडात हा कॅमेरा राजा आणि पहाटे-संध्याकाळी भिकारी. वाघ तर पहाटे-संध्याकाळीच दिसायचा! ज्याचा खांदा धड आहे त्याने मोठंच भिंग घ्यावं, असं मी प्रामाणिकपणे सांगेन.

शिवाय एवढ्या झूमला श्वास घेतला तरी चित्र हलतं. त्यावर उपाय म्हणून बायकोने जुन्या पॅन्टच्या कापडाची पिशवी शिवून दिली, तिच्यात दोन किलो तांदूळ भरला. जिप्सीच्या दांडीवर पिशवी, पिशवीवर कॅमेरा. तांदूळ एचएमटी. आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेलं वाण. नातू म्हणाला, थर्माकोलच्या गोळ्या भरतात. म्हटलं, भरोत बापडे.

ताडोबात तीन सफाऱ्या केल्या. तिसऱ्या संध्याकाळी पाणवठ्यावर वाघीण दिसली, पाण्यात मागचा भाग बुडवून बसलेली. दीडशे मीटर असावी. पुढे चार गाड्या होत्या. चालकाने विचारलं, "सर, समोर घेऊ का? जागा होईन." मी म्हटलं, इथंच थांबव आणि इंजिन बंद कर. शेजारच्या दोघा तरुणांचा जरा हिरमोड झाला, त्यांच्याकडे लहान भिंगं होती. त्यांना माझ्या कॅमेऱ्यातून पाहू दिलं. फोटो दाणेदार आलेत, उजेड गेलेला. पण कान, पट्टे, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं आहे. पेनने गोल करावा लागणार नाही.

गडचिरोलीत मात्र माझं सगळं गणित उलटं झालं. आलापल्लीचं ते राखलेलं जुनं जंगल पाहिलं, राज्याचं जैवविविधता वारसास्थळ आहे ते. सागाची झाडं इतकी उंच की लांबचं भिंग काय कामाचं? बुंधा आला तर शेंडा नाही. तिथे नातवाचा मोबाईलच कामाला आला. कमलापूरला हत्ती कॅम्पवर वनखात्याचे पाळलेले हत्ती पाहिले. तिथल्या माणसाने बजावलं, "हे आपले हायेत. रानातल्यांच्या मागं जाऊ नका." २०२१ च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप या जिल्ह्यात आलेला आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आबापूरच्या जंगलात त्यांतल्या एका हत्तीसोबत मोबाईलवर सेल्फी घेताना तेवीस वर्षांचा एक मजूर पोरगा गेला. केबल टाकायच्या कामावर आला होता. मोबाईलचं भिंग रुंद, त्यात हत्ती लहानच दिसणार, मग अजून चार पावलं पुढे. त्या चार पावलांची ओढ मला चांगली माहीत आहे. त्याचा सदरा धरायला मागे कोणी पोचलं नाही, एवढाच फरक.

परत आल्यावर फोटो नातवाने उतरवून घेतले. ठेवण्यासारखे चाळीसेक निघाले. पिशवीतला तांदूळ बायकोने दोनदा पाखडला, तीन पाण्यांनी धुतला. तरी पहिल्या घासाला किंचित कचकच लागली.