दहा पौंडांचं रान

साल १८४०. ऑस्ट्रेलियातली व्हिक्टोरिया वसाहत अजून जन्मालाही आलेली नाही. तुम्ही उभे आहात नूराट या विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी, काळ्या मातीवर. गवत मांडीला लागतंय. घोड्यावरून उतरतोय तो नील ब्लॅक, स्कॉटलंडच्या आर्गाइलशायरातला शेतकऱ्याचा मुलगा. पस्तिशीतला गडी, पदरी ग्लॅडस्टन घराण्यातल्या भागीदाराचं भांडवल. ४० हजार एकरांवर हे रान त्यानं नुकतंच घेतलंय. 'घेतलंय' म्हणजे इथली मेंढरं आणि चराईचा हक्क. सरकारला वर्षाकाठी परवान्याचे १० पौंड द्यायचे.

रात्री तो रोजनिशी लिहायला बसेल, तेव्हा मागे उभं राहून वाचा. नवं रान धरायचं तर मूळ रहिवाशांना बेलाशक मारण्याइतकं मन निबर हवं, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. त्याचं मन तेवढं निबर नाही. मग उपाय काय? जिथं हे काम आधीच कुणीतरी उरकलंय, ते रान विकत घ्यायचं! इथल्या आधीच्या व्यवस्थापकानं, फ्रेडरिक टेलरनं, १८३९ मध्ये माउंट इमू ओढ्याकाठी जार्गर्ड वुरुंग लोकांची वस्ती कापून काढली. बायकामुलंसुद्धा सोडली नाहीत. खटल्याच्या धास्तीनं तो पसार झाला. शिक्षा कुणालाच झाली नाही.

आता झटकन तीन वर्षं पुढं या. लोकरीचे भाव कोसळलेत, मेंढरांना गिऱ्हाईक नाही. वसाहतीत जागोजागी मोठाल्या कढयांत मेंढरं उकळून चरबी काढताहेत, कारण जित्या जनावरापेक्षा चरबीला जास्त पैसा मिळतो. वास असा, की नाकाला पदर लावावा. ब्लॅक यातूनही तरला.

१८५९. मेलबर्न, विधान परिषद. सभासद व्हायचं तर ५,००० पौंडांची स्थावर मालमत्ता हवी, आणि पगार शून्य. म्हणजे खुर्च्या कुणाच्या, हे वेगळं सांगायला नको. ब्लॅक आता तिथं बसलाय. बाहेर सोनं संपत आलेले खाणकरी कसायला जमीन मागताहेत. १८६० चा जमीन कायदा परिषदेनं इतका छाटला, की बड्या मेंढपाळांचं फारसं काही बिघडलं नाही. पुढच्या कायद्यांतून वाट काढायला त्यांनी नोकराचाकरांच्या नावानं जमिनी उचलल्या.

ब्लॅक १८८० मध्ये वारला, तेव्हाही तो परिषदेचा सभासद होता. माणूस कष्टाळू, हिशेबी आणि दुष्ट म्हणावा असा नव्हता. पण इथं काय घडलं ते ठाऊक असूनच त्यानं हे रान घेतलं, आणि ते त्याच्याच हस्ताक्षरात आहे.